वरच्यांचा आवाज

सदनिकेत राहणाऱ्या माणसाला तीन शेजारी असतात: भिंतीपलीकडचा, डोक्यावरचा आणि पायाखालचा. भिंतीपलीकडच्याशी आपली ओळख असते, कारण दोन्ही दारे एकाच जिन्यावर उघडतात आणि वर्तमानपत्रे, किल्ल्या, विरजण यांची देवघेव चालू असते. डोक्यावरच्याविषयी आपले काही ग्रह असतात. पायाखालच्याचे आपल्याविषयी असतात. मात्र ते आपल्याला बरेच दिवस ठाऊक नसतात. एखाद्या सकाळी लिफ्टपाशी ते आपल्यासमोर येऊन उभे राहतात आणि आपण ज्याला आपले घर समजत होतो ते दुसऱ्या कुणाचे तरी छत आहे, हा साधा बोध तेव्हा प्रथमच होतो.

आम्हांला हा बोध गेल्या वर्षी मार्च महिन्यात झाला. आम्ही पतिपत्नी पुण्यात महाविद्यालयात मराठी शिकवतो आणि एका सात मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. घरात शाळकरी मुलगी आणि आई. आई म्हणजे आमच्यापैकी एकाची आई आणि दुसरीच्या सासूबाई. वय ऐंशीच्या पुढे, गुडघे अधू, हाती काठी. खालच्या मजल्यावर एक वयस्क गृहस्थ एकटेच राहतात. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, पत्नी चार वर्षांपूर्वी निवर्तलेली, मुलगा परदेशी. इमारतीत सगळे त्यांना काका म्हणतात, आम्हीही म्हणतो. त्यांनी आम्हांला थांबवून अतिशय सौजन्याने विचारले, "सर, रात्री तीन-सव्वातीनच्या सुमारास आपल्याकडे काही काम चालतं का?"

नाही, असे आम्ही म्हणालो; आणि लगेच पुढे म्हणालो, "तरी पण माफ करा काका, आम्ही लक्ष ठेवू."

हे दुसरे वाक्य आमची पहिली चूक होती. सभ्य मराठी मध्यमवर्गीय माणूस कुठल्याही आरोपाला प्रथम क्षमायाचनेने उत्तर देतो, आणि आपण काही कबूल केले असे त्याला वाटत नाही. ऐकणाऱ्याला मात्र ती कबुलीच वाटते, आणि तसे वाटण्यात त्याचे काही चुकत नाही. जे आपण केलेच नाही त्याविषयी 'पुन्हा होणार नाही' असे आश्वासन आपण देऊन बसतो. मग पुन्हा झाले की आपण शब्द मोडणारे ठरतो. मूळ तक्रार आवाजाची होती, ती आता आपल्या चारित्र्याची होते.

आवाज अर्थातच पुन्हा झाला. मग चिठ्ठ्या सुरू झाल्या. काकांचे अक्षर सुरेख, भाषा नेटकी, वर 'सप्रेम नमस्कार', खाली दिनांक आणि वेळ. पहिल्या चिठ्ठीत 'जणू कुणी जमिनीवर काठी आपटत आहे असा आवाज' होता. पंधरवड्याने आलेल्या दुसरीत 'काठी आपटल्यासारखा आवाज' होता. तिसरीत सरळ 'काठीचा आवाज' होता. अलंकारशास्त्र शिकवणाऱ्यांच्या घरी हा क्रम नजरेतून सुटणे शक्य नव्हते. उत्प्रेक्षेत 'जणू' असते, म्हणजे बोलणाऱ्याला आपण कल्पना करत आहोत याची जाणीव असते. उपमेत दोन वस्तू निदान वेगळ्या राहतात. अतिशयोक्तीत उपमान उपमेयाला गिळून टाकते. दीड महिन्यात एका अज्ञात आवाजाला आमच्या आईच्या काठीने गिळले होते. काकांनी लबाडी केली नव्हती. रोज रात्री जाग आलेला माणूस अंधारात पडल्या पडल्या ज्याचा विचार करतो, ते त्याला हळूहळू ऐकू येऊ लागते.

याला आपली भाषाही हातभार लावते. मराठी ध्वनी-अनुकरणवाचक शब्दांनी श्रीमंत आहे याचा आम्ही वर्गात अभिमानाने उल्लेख करतो. पण हे शब्द नुसता आवाज सांगत नाहीत, त्यांना कर्ताही हवा असतो. खुडबूड म्हटली की उंदीर तरी आला, नाही तर माणूस. टकटक म्हटले की दारावरचे बोट आले. धपधप पायांची, खणखण भांड्यांची, कुजबुज ओठांची. ज्याला कर्ता नाही अशा आवाजासाठी आपल्याजवळ सोयीचा शब्द नाही. म्हणून तक्रार शब्दांत मांडताक्षणीच निम्मा तपास झालेला असतो, आणि तोही बहुधा चुकीच्या दिशेने.

पण या प्रकरणात खरी लाज वाटावी अशी गोष्ट काकांकडून घडली नाही, आमच्याकडून घडली. आम्ही तक्रारीवर विश्वास ठेवला. बाहेर नाकारत राहिलो आणि घरात मान्य करून बसलो. खुर्च्यांच्या पायांना रबरी टोप्या लावल्या. मुलीचे घरातले धावणे बंद केले. मिक्सर रात्री आठनंतर बंद, कपडे धुण्याचे यंत्र फक्त सुटीच्या दिवशी. आईंच्या काठीच्या टोकाला जुन्या धोतराचे फडके गुंडाळले. तरीही चिठ्ठी आली, तेव्हा एका संध्याकाळी आमच्यापैकी एक जण आईंना म्हणाला, "रात्री उठतेस तेव्हा काठी जरा हळू टेकत जा ना." आई काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्या रात्री काठी न घेता भिंतीला धरून जाऊ लागल्या, आणि काही दिवसांनी त्यांनी उठावेच लागू नये म्हणून संध्याकाळनंतर पाणी पिणे सोडले. आम्हांला हे कळायला मे महिना उजाडला. उन्हाळ्यात ऐंशी वर्षांची बाई सहा वाजल्यानंतर पाणी पीत नव्हती, आणि तिच्या शेजारच्या खोलीत दोन सुशिक्षित माणसे 'आता कसे शांत आहे' असे समाधान मानून झोपत होती.

चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण आपण इतरांना लावतो. येथे फाशी देणारे आम्हीच होतो.

मेमध्ये आम्ही सगळे आठ दिवस वाईला गेलो. घराला कुलूप, किल्ली आमच्यापाशी. परतलो तेव्हा दाराच्या फटीत चिठ्ठी होती. 'काल व परवा रात्री पुन्हा तोच प्रकार झाला. आता मी काय करावे ते आपणच सांगावे.' दिनांक आमच्या अनुपस्थितीतला होता. इतका आनंद आम्हांला पुष्कळ दिवसांत झाला नव्हता. सामानही न उघडता आम्ही खाली गेलो आणि निर्दोषाच्या पुऱ्या तोऱ्यात ती चिठ्ठी, वाईच्या गाडीची तिकिटे आणि चौकीदाराच्या वहीतली नोंद काकांपुढे ठेवली.

काकांनी तिन्ही गोष्टी चष्मा लावून नीट वाचल्या. मग म्हणाले, "म्हणजे मला ऐकू येतं ते नाहीच म्हणता?"

आम्ही तसे म्हटले नव्हते. पण आमच्या पुराव्याचा त्यांना लागणारा अर्थ तोच होता. मग हळूहळू त्यांच्याकडून कळले की मुलगाही फोनवर हेच म्हणतो: बाबा, तुम्हांला भास होतात, डॉक्टरांना दाखवा. ज्या माणसाने नोकरीची पस्तीस वर्षे लाइनीतला खरखराट ऐकून दोष कुठे असेल ते सांगितले, त्याला आता आपल्या कानांवर विश्वास ठेवावा की नाही असा प्रश्न पडला होता. वरच्या मजल्यावर काठी वाजते आहे, या समजुतीत त्यांना एक आधार होता. काठी असेल तर आपले डोके ठिकाणावर आहे. आम्ही मोठ्या उत्साहाने जाऊन तो आधार काढून घेतला होता.

आमचा मुद्दा येथून सुरू होतो. चुकीची तक्रार आणि खोटी तक्रार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण सर्रास त्यांना एक समजतो. खोट्या तक्रारीत आवाजच नसतो. चुकीच्या तक्रारीत आवाज असतो, जाग येते, त्रास होतो. चुकतो तो फक्त पत्ता. न्यायशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर काकांचे प्रत्यक्ष निर्दोष होते, अनुमान सदोष होते. धूर आहे तेथे अग्नी असतो हे खरे. पण अग्नी आहे तेथे धूर असतोच असे नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. म्हणून अग्नीवरून धुराचे अनुमान करणाऱ्याचा हेतू सव्यभिचार ठरतो. 'आवाज वरून येतो, म्हणून वरच्यांचा' हे अनुमान त्याच जातीचे आहे. वरच्यांचा आवाज वरून येतो. पण वरून येणारा प्रत्येक आवाज वरच्यांचा नसतो. आम्ही मात्र अनुमान खोडण्याच्या भरात प्रत्यक्षच खोडून काढले होते.

त्या संध्याकाळी नेमके काय सुचले ते आता सांगता येत नाही, पण आमच्यापैकी एक जण म्हणाला, "काका, आज रात्री आम्ही तुमच्याकडे येऊन बसलो तर चालेल?"

एक वर थांबला, एक खाली जाऊन बसली. काकांनी थर्मासमध्ये चहा करून ठेवला होता. तीन वाजून दहा मिनिटांनी प्रथम एक बारीक घरघर सुरू झाली, इतकी हलकी की पंख्याच्या आवाजात ती वेगळी काढावी लागत होती. वीस-पंचवीस मिनिटांनी ती थांबली, आणि थांबताक्षणीच डोक्यावर ठक् झाले. मग थोडे हलके ठक्, मग आणखी हलके. कुणी म्हातारे माणूस काठी टेकत न्हाणीघराकडे चालले आहे, याविषयी शंका घ्यायला जागा नव्हती. फोन लावला. वरून उत्तर आले: आई गाढ झोपेत आहेत, काठी कोपऱ्यात उभी आहे, घरात कुणी हललेले नाही. खाली बसलेलीने आमच्याच घराचा आवाज ऐकला होता आणि तीही शपथेवर सांगायला तयार झाली असती की तो आमच्याच घराचा आहे. काका काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त दुसरा पेला भरून पुढे केला. आपल्याला ऐकू येते ते दुसऱ्यालाही ऐकू आले, एवढ्यानेच त्यांचा चेहरा बदलला होता.

कारण पुढच्या दोन दिवसांत सापडले, आणि ते सांगायला अगदी नीरस आहे. फेब्रुवारीअखेरीस नळाच्या पाण्याची वेळ बदलली, तेव्हापासून चौकीदार गच्चीवरची टाकी पहाटे भरू लागला होता. पंप बंद झाला की उभ्या नळातले पाणी मागे येऊ पाहते. ते अडवणारी उलटझडप जुनी झाल्यामुळे उशिरा मिटत होती, आणि मिटताना पाण्याचा जो दणका बसतो तो साऱ्या नळभर जात होता. हा नळ आमच्या न्हाणीघरामागच्या मोकळ्या जागेतून वर जातो. त्याला भिंतीशी धरणारी एक पट्टी तिसऱ्या मजल्याच्या तळाशी ढिली झाली होती. नळ हलला की पट्टी भिंतीवर आपटत होती: एकदा जोरात, मग ओसरत. आम्हांला वर तो आवाज का जाणवला नाही? आमची निजायची खोली घराच्या दुसऱ्या टोकाला, काकांची नेमकी त्या भिंतीलगत. प्लंबरने झडप बदलली, पट्टीखाली रबर घातले. अर्ध्या दिवसाचे काम. खर्च सोसायटीने केला.

यात विज्ञान काही गूढ नाही, पण ते आपल्या सहजज्ञानाच्या विरुद्ध जाते. हवेतून ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. काँक्रीटमधून तो तीन हजार मीटरांहून अधिक वेगाने जातो. खांब, तुळया, स्लॅब एकमेकांत ओतलेले असल्याने इमारत हे एकसंध वाद्यच असते, आणि एका टोकाला बसलेला आघात भलत्याच खोलीच्या छतातून बाहेर पडतो. आपल्या कानांना डावे-उजवे चांगले कळते, कारण ध्वनी एका कानाला आधी आणि अधिक जोराने पोचतो. वर-खाली कळण्यासाठी मात्र बाह्यकर्णाच्या वळ्यांतून होणाऱ्या सूक्ष्म फरकांवर भिस्त ठेवावी लागते, आणि छत, भिंती, जमीन सगळेच थोडे थोडे थरथरत असेल तर तो हिशेब कोलमडतो. मग उरलेली जागा मन भरून काढते. वर कोण राहते हे ज्याला ठाऊक आहे, त्याला वरून कोण वाजवते तेही ऐकू येते.

वाड्यांत आणि चाळींत आवाज कमी नव्हता, उलट कितीतरी अधिक होता. पण तेथे आवाज आपल्या धन्यासह येत असे. कोणाचा पाळणा करकरतो, कोण पहाटे खाकरतो, कोणाकडे भांडण आहे, हे साऱ्या बिऱ्हाडांना ठाऊक असे, आणि जे ठाऊक असते ते माणूस पुष्कळ सहन करतो. आम्ही त्या दिवसांचे गोडवे गाणार नाही. एका नळावर दहा बिऱ्हाडे हे सुख नव्हते, आणि भिंतींना कान असणे हे त्या काळच्या सुनांना विचारावे. सदनिकेने आपल्याला दार दिले, खासगीपण दिले, ते मोलाचे आहे. पण त्या दाराआड आवाजाचे धनीपण हरवले. आवाज येतो, माणूस येत नाही. बिनमाणसाच्या आवाजाला आपण मग हाताशी असेल तो माणूस चिकटवतो.

कायद्याकडे जावे, तर त्याचा येथे फारसा उपयोग नाही. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम २००० साली आले. निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा त्यांत आहे. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ रोजी या विषयावर सविस्तर निकाल दिला. पण या सगळ्याचा रोख ध्वनिक्षेपक, फटाके, भोंगे यांच्यावर आहे, आणि मोजमाप काही काळाच्या सरासरीचे असते. रात्री सव्वातीनला झालेले तीन ठोके त्या सरासरीत विरघळून जातात. झोपेत ते विरघळत नाहीत. म्हणजे ज्याची झोप मोडते त्याला कायद्याच्या काट्यावर काहीच दाखवता येत नाही, आणि ज्याच्यावर आरोप होतो त्यालाही निर्दोषत्वाचे प्रमाणपत्र मिळत नाही. हा प्रश्न शेवटी दोन घरांतच सोडवावा लागतो.

थोरामोठ्यांनाही तो सुटलेला नाही. शोपेनहाउअरने १८५१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात गोंगाटावर एक प्रकरणच लिहिले आहे. चाबकाचा कडकडाट विचाराचा खून करतो अशी त्याची तक्रार होती. त्याच तत्त्ववेत्त्याने त्याआधी तीस वर्षे, बर्लिनमध्ये, आपल्या दारापुढच्या खोलीत बोलत बसलेल्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईला बळाने बाहेर काढले होते. ती पडली, खटला वर्षानुवर्षे चालला आणि अखेरीस तिला आयुष्यभर पोटगी देण्याची पाळी त्याच्यावर आली. लंडनमध्ये कार्लाइलने शेजारच्यांचे कोंबडे आणि पियानो यांना कंटाळून १८५३च्या सुमारास घराच्या माथ्यावर ध्वनिरोधक खोली बांधून घेतली. खोली फसली. शेजाऱ्यांकडे जाऊन, बोलून, समजूत घालून कोंबड्यांचा बंदोबस्त करण्याचे काम त्याच्या पत्नीने, जेनने केले. तत्त्वज्ञान आणि स्थापत्य या दोहोंपेक्षा जिना उतरून शेजाऱ्याशी बोलणे अधिक उपयोगी पडले, एवढेच आम्ही त्यातून घेतो.

तर मग चुकीच्या तक्रारीचे काय करावे? आमचे मत असे की न केलेल्या गोष्टीची माफी मागू नये, आणि आरोप नुसता झिडकारूनही लावू नये. 'आवाज आमचा नसावा असे वाटते, पण तुम्हांला ऐकू येतो हे खरे धरतो' असे एक वाक्य पहिल्याच दिवशी म्हटले असते, तर तीन महिने वाचले असते. दुसरे, तक्रारीतून विशेषणे आणि धनी वगळून फक्त दिवस, वेळ आणि स्वरूप तेवढे घ्यावे. काकांच्या चिठ्ठ्यांत वेळ पहिल्यापासून होती आणि ती दर वेळी तीन ते चारच्या दरम्यानच होती. माणसाची काठी इतकी वक्तशीर नसते, पंप असतो. ते आम्ही वाचले नाही, कारण आमचे सगळे लक्ष 'काठी' या शब्दावर होते. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे, आवाज जेथे ऐकू येतो तेथे जाऊन तो ऐकावा. आपल्या घरात बसून आपली शांतता तपासण्याला काही अर्थ नसतो.

यावर कोणी म्हणेल, आरोप करणारा एक आणि झीज सोसणार दुसरा, हा कुठला न्याय? आक्षेप रास्त आहे. पण खालच्याजवळ फक्त आवाज असतो, तो वर जाऊन पाहू शकत नाही. दुसरे टोक ज्याच्या हाती आहे त्यानेच ते उचलले तर प्रयोग पुरा होतो. हा न्याय नव्हे, सोय आहे. शेजार बहुतेक वेळा सोयीवरच चालतो.

मात्र या उपायाची एक मर्यादा आहे आणि ती सांगितल्यावाचून हा लेख प्रामाणिक होणार नाही. काका आम्हांला 'सर', 'मॅडम' म्हणत होते. आम्ही घराचे मालक, पेशाने प्राध्यापक, आडनावासकट इमारतीत मुरलेले. म्हणून आम्हांला तीन महिने चिठ्ठ्या आल्या, आणि रात्री येऊन बसू का असे विचारण्याची मुभाही मिळाली. या घटनेच्या दोन वर्षे आधी आमच्याच जिन्यावरच्या सदनिकेत दोन तरुण मुले भाड्याने राहत होती, रात्रपाळीला जाणारी. त्यांच्याविषयी 'रात्री-अपरात्री आवाज' अशी तक्रार झाली. कसला आवाज, किती वाजता, कोणाला ऐकू आला, हे कोणी विचारले नाही. घरमालकाला द्यायच्या अर्जावर सभासदांच्या सह्या घेण्यात आल्या. महिन्याभरात मुले गेली. त्या अर्जावर आमचीही सही आहे.

आम्हांला त्यांचा काही त्रास होत होता का? नव्हता. मग सही का केली? सगळे करत होते, आणि अविवाहित भाडेकरू मुलांविषयी आमच्याही मनात काही ग्रह असणारच. कदाचित त्यांनी खरोखर गोंगाट केला असेल. आता ते कळण्याचा मार्ग उरलेला नाही, कारण तेव्हा कोणी ऐकायला गेले नाही. भाडेकरू, एकटी राहणारी नोकरदार मुलगी, वेगळ्या जातीधर्माचे, वेगळ्या जेवणाचे कुटुंब यांच्याबाबतीत 'आवाज' हा शब्द पुष्कळदा वाच्यार्थाने वापरलेलाच नसतो. व्यंग्यार्थ 'तुम्ही येथले नव्हे' असा असतो. अशा तक्रारीपुढे रात्रभर बसून काही ऐकू येणार नाही. तेथे उलटझडप बदलून भागत नाही. तेथे इतर सभासदांनी सही करण्याआधी तीन साधे प्रश्न विचारले पाहिजेत: कोणता आवाज, केव्हा, आणि दुसऱ्या कोणी ऐकला का? हे प्रश्न आम्ही स्वतःवर पाळी आल्यावर शिकलो. याचा आम्हांला मुळीच अभिमान नाही.

असो. काका आता रात्री झोपतात. चिठ्ठ्या थांबल्या, तरी कधीमधी ते वर येतात आणि दिवाळीत त्यांच्या मुलाने पाठवलेली चॉकलेटे आमच्या मुलीला मिळतात. आमची मुलगी पुन्हा घरात धावते. खाली ऐकू जात असेलच, पण त्याचा धनी आता ठाऊक आहे. आम्ही आईंना सगळा प्रकार समजावून सांगितला: पंप, झडप, पट्टी. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. संध्याकाळी पाणी पिण्याविषयी आम्ही रोज आठवण करतो आणि त्या दोन घोट पितात. रात्री काठी घेऊन उठतात. पण काठीच्या टोकाला गुंडाळलेले ते फडके मात्र अजून तसेच आहे. एकदा आम्ही ते सोडायला गेलो, तर म्हणाल्या, "राहू दे. उगाच कुणाला ऐकू जायला नको."